सहाव्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट

गुडघ्याच्या मागची जागा स्वतःला दिसत नाही. त्यामुळे माझ्या पायावरचा चट्टा पहिल्यांदा पाहिला तो माझ्या नवऱ्याने, आणि तोपर्यंत तो तळहाताएवढा झालेला होता. दुखत नव्हता, खाजही फारशी नव्हती. हात लावल्यावर आसपासच्या कातडीपेक्षा किंचित गरम लागायचा, एवढेच. आम्ही तेव्हा अमेरिकेत, कनेटिकट राज्यात राहत होतो. जून संपत आला होता आणि आदल्या पंधरवड्यात मी दोनदा रानवाटेने फिरून आले होते. नवऱ्याने बॉलपेनने चट्ट्याच्या कडेकडेने एक रेघ ओढून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाली त्या रेघेच्या बाहेर बोटभर सरकलेली होती.

तिसऱ्या दिवशी जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे रक्त घेतले, आणि सहाव्या दिवशी रिपोर्ट आला : गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम आजाराची चाचणी निगेटिव्ह. कोळी वगैरे काहीतरी चावले असेल, मलम लावा, असे सांगून आमची बोळवण झाली. आठव्या दिवशी मात्र अंगात कणकण होती, मान आखडली होती, अंग मोडून येत होते आणि जांघेत अवधाण आले होते. दुसऱ्या डॉक्टरांनी चट्टा पाहिला, पेनची जुनी रेघ पाहिली आणि रिपोर्टकडे फारसे लक्ष न देता त्याच दिवशी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केले. मी निगेटिव्ह रिपोर्टचे काय, असे विचारल्यावर ते म्हणाले की, रिपोर्ट चुकीचा नाही, पण तो ज्या गोष्टीचा शोध घेतो ती गोष्ट तुमच्या रक्तात अजून तयार व्हायची आहे.

त्या एका वाक्यामुळे मी पुढे कितीतरी महिने या विषयावर मिळेल ते वाचत राहिले. निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे शरीर गप्प बसले आहे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात माझ्या गुडघ्यामागच्या त्या लाल तुकड्यात तोवर दोन आठवड्यांची धुमश्चक्री होऊन गेली होती, आणि रक्ततपासणी त्या सगळ्या घडामोडींतल्या फक्त शेवटच्या टप्प्याची चाहूल घेत होती.

सुरुवात गोचिडीपासून करावी लागते. गुरांच्या अंगावरची टपोरी गोचीड आपण पाहिलेली असते, पण हा आजार बहुतेक वेळा पसरवते ती गोचिडीची कोवळी अवस्था, खसखशीच्या दाण्याएवढी. ती चिकटून बसते, एकदा बसली की काही दिवस रक्त पीत राहते आणि बहुतेकांना चावल्याचे कळतदेखील नाही. कळत नाही याचे कारण तिची लाळ. या लाळेत रक्त गोठू न देणारी, वेदना आणि सूज दाबणारी, पांढऱ्या पेशींना बोलावणारे संदेश अडवणारी अशी कितीतरी द्रव्ये असतात. म्हणजे जंतू कातडीत उतरण्याआधीच तिथला पहारा ढिला पडलेला असतो. (चावल्यानंतर काही तासांत उठणारी छोटी लाल गांधी ही या लाळेची ॲलर्जी असते आणि एकदोन दिवसांत मावळते. लाइमचा चट्टा 3 ते 30 दिवसांनी येतो आणि पसरत जातो. हा फरक मला आधी ठाऊक असता, तर त्या पहिल्या दवाखान्यात मी एवढ्या मुकाट्याने ऐकून घेतले नसते.)

जंतूचे नाव बोरेलिया बर्गडॉर्फेरी. मळसूत्रासारखा पिळाचा, बारीक, लांबट जिवाणू. गोचिडीच्या आतड्यात असताना त्याच्या अंगावर ओस्प-ए नावाच्या प्रथिनाचा थर असतो आणि त्याच्या आधाराने तो तिथे चिकटून राहतो. गोचीड रक्त पिऊ लागली, आतले तापमान वाढले, की तो हा थर टाकतो आणि ओस्प-सी नावाचे दुसरे प्रथिन अंगावर चढवतो, आतड्यातून सुटून लाळग्रंथीपर्यंत जातो आणि मग माणसाच्या कातडीत उतरतो. या सगळ्याला वेळ लागतो. म्हणूनच गोचीड पहिल्या दिवसात काढून टाकली तर लागण होण्याचा धोका फार कमी राहतो. उतरतानाही तो उघडा नसतो : लाळेतले साल्प-15 नावाचे प्रथिन ओस्प-सीला चिकटते आणि जंतूला प्रतिपिंडांपासून (अँटिबॉडींपासून) आडोसा देते. तेच प्रथिन टी पेशींना, म्हणजे प्रतिकाराची सूत्रे हलवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, जागे होण्यापासूनही रोखते. एकाच रेणूकडून दोन कामे होतात, आणि ती दोन्ही आपल्या विरोधात.

आता कातडीतला पहारा. रक्तात आणि ऊतींत पूरक प्रथिनांची एक जुनी साखळी सतत फिरत असते. परके काही दिसले की ही प्रथिने त्याच्यावर बसतात आणि त्याला भोके पाडतात. आपल्या स्वतःच्या पेशींवर हा हल्ला होऊ नये म्हणून फॅक्टर एच नावाचे एक प्रथिन संरक्षण देते. बोरेलियाच्या अंगावर असे रेणू आहेत की, ते रक्तातला हाच फॅक्टर एच ओढून अंगावर पांघरतात. पूरक प्रथिनांच्या दृष्टीने मग तो घरचाच माणूस ठरतो. सगळेच जंतू असे वाचत नाहीत, पण पुरेसे वाचतात.

पहिली खरी ओळख पटते ती कातडीतल्या भक्षक पेशींना. बोरेलियाचे एक वैशिष्ट्य असे की, त्याच्याकडे इतर अनेक जिवाणूंसारखे एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या आवरणातले विषारी द्रव्य) नाही आणि तो स्वतः विष सोडत असल्याचेही आढळलेले नाही. त्याच्या अंगावर आहेत ती चरबीची शेपटी लावलेली प्रथिने, आणि तीही मुबलक. पेशींच्या पृष्ठभागावरचे टीएलआर-2 आणि टीएलआर-1 हे ग्राहक रेणू जोडीने ही शेपटी ओळखतात. पण मला वाचताना जास्त विलक्षण वाटले ते पुढचे. भक्षक पेशीने जंतू नुसता हुंगला तर प्रतिक्रिया बेताची होते. तो गिळून आतल्या पोकळीत त्याचे तुकडे केले, की त्याचा आरएनए मोकळा होतो, पेशीच्या आतले टीएलआर-8 ते ओळखते आणि इंटरफेरॉन-बीटाचा संदेश बाहेर पडतो. म्हणजे गिळल्याशिवाय पुरती ओळख पटत नाही. आणि जो जंतू कातडीत पांढऱ्या पेशींपेक्षा कितीतरी वेगाने सरपटतो, तो गिळायला सापडणे हीच मुळात अवघड गोष्ट आहे.

चट्टा पसरतो तो यामुळे. जंतू चाव्याच्या जागेपासून सगळ्या दिशांनी बाहेर सरकत जातात आणि त्यांच्या मागोमाग दाह सरकतो. नवऱ्याने ओढलेल्या रेघेच्या बाहेर गेलेली ती बोटभर लाली म्हणजे जंतू दिसत नव्हते, तर त्यांच्या मागावर गेलेल्या माझ्याच पेशी आणि रुंदावलेल्या रक्तवाहिन्या दिसत होत्या. काहींच्या चट्ट्याच्या मधला भाग निवळतो आणि नेमबाजीच्या चकतीसारखे वलय दिसते. पण अमेरिकेत अनेकांना तसे वलय उठतच नाही, नुसता एकसारखा लालसर चट्टा असतो. माझा तसाच होता, आणि पहिल्या दवाखान्यात ‘वलय नाही’ हेही एक कारण म्हणून सांगितले गेले होते.

या चट्ट्याचा इतिहासही मला मोलाचा वाटतो. स्वीडनचे त्वचारोगतज्ज्ञ आर्विद अफझेलियस यांनी 1909 साली गोचीड चावल्यानंतर पसरत जाणाऱ्या अशा चट्ट्याची नोंद केली. कनेटिकटमधल्या लाइम गावाच्या परिसरात अनेक मुलांचे सांधे एकाच सुमारास सुजू लागले आणि मुलांच्या आयांनी त्याचा पाठपुरावा केला, तो 1975 साली. ॲलन स्टीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरचा अभ्यास 1977 साली प्रसिद्ध केला. विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात सापडलेल्या पिळाच्या जिवाणूची माहिती 1982 साली छापून आली. म्हणजे शरीराने दिलेले उत्तर वैद्यकाला सत्तरहून अधिक वर्षे डोळ्यांसमोर दिसत होते, आणि ते कशाला दिलेले उत्तर आहे हे नंतर कळले.

चट्ट्याच्या आत नेमके काय चालते हे पाहण्यासाठी संशोधकांनी एक साधी युक्ती वापरली आहे. चट्ट्यावर हलके निर्वात शोषण लावून कातडीचा वरचा पापुद्रा फोडासारखा उचलायचा आणि त्यात जमलेले पाणी तपासायचे. या पाण्यात रक्तापेक्षा वेगळीच वस्ती सापडते : भक्षक पेशी, जंतूचे तुकडे इतरांना दाखवणाऱ्या डेंड्रायटिक पेशी, आणि आधीच अनुभवी झालेल्या टी पेशी मोठ्या संख्येने. सोबत इंटरल्यूकिन-6 आणि इंटरफेरॉन-गॅमा हे दाहाचे संदेशवाहक. कातडीचे तुकडे काढून जनुकांची चाचणी केली तेव्हाही इंटरफेरॉनच्या हुकमाने चालणारी जनुके जोरात जागी झालेली आढळली. सीएक्ससीएल-9 आणि सीएक्ससीएल-10 हे टी पेशींना बोलावणारे संदेशवाहक तिथे भरपूर असतात आणि रुग्णांच्या रक्तातही त्यांचे प्रमाण वाढलेले दिसते. यांतले काहीही लाइमच्या नेहमीच्या रक्तचाचणीत मोजले जात नाही.

कणकण, डोकेदुखी, अंग मोडून येणे, अंथरुणातून उठवत नाही असा थकवा, हे सगळे याच संदेशवाहकांचे काम. विष नसलेला जंतू माणसाला इतके आजारी पाडतो ते त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या फौजेच्या गदारोळामुळे. आठव्या दिवशी मी आडवी झाले, तेव्हा माझे शरीर हरत होते असे मी धरून चालले होते. आज मी तसे म्हणणार नाही. ते काम करत होते, आणि त्या कामाचा भार मला सोसावा लागत होता.

जांघेतले अवधाण ही तर मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेली खूण. पायाच्या कातडीतून निघणारी लसिका गुडघ्यामागच्या आणि जांघेतल्या ग्रंथींत येते, आणि या ग्रंथींतच प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना जंतूची ओळख करून दिली जाते. एरवी इथे टी पेशींच्या मदतीने बी पेशींच्या छोट्या वसाहती उभ्या राहतात. त्यांत प्रतिपिंडे घासूनपुसून अधिकाधिक अचूक होतात, आयजीएम जातीच्या प्रतिपिंडांकडून आयजीजी जातीकडे वळण होते आणि दीर्घकाळ टिकणारी स्मृती तयार होते. बोरेलियाच्या बाबतीत हे नीट घडत नाही, असे निदान उंदरांत तरी स्पष्ट दिसले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत निकोल बाउमगार्थ यांच्या गटाने दाखवले की, जिवंत जंतू स्वतःच लसिका ग्रंथीत शिरतात, तिथे बी पेशींची प्रचंड गर्दी होते, ग्रंथीची आतली मांडणी विस्कटते, आणि वसाहती उभ्या राहिल्या तरी लवकरच मोडतात. ग्रंथी सुजते खरी, पण त्या सुजेच्या मानाने हाती लागणारी स्मृती तोकडी असते. त्याच उंदरांना संसर्गाच्या काळात इन्फ्लुएन्झाची लस टोचली, तर तिलाही त्यांचा प्रतिसाद दुबळा पडला. उंदरांचे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत, हे मान्य. पण माणसांतही लाइमच्या आयजीएम प्रतिपिंडांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा फार काळ चढे राहते, ही गोष्ट डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत आहे आणि ती या चित्राशी जुळते.

माणसांच्या बाबतीत दिलासा देणारीही एक गोष्ट आहे. प्रतिपिंडे बनवण्यासाठी तातडीने तयार होणाऱ्या बी पेशींना प्लाझ्माब्लास्ट म्हणतात. सुरुवातीच्या लाइमच्या रुग्णांत निदानाच्या वेळी रक्तात या पेशी ज्यांच्याकडे जास्त होत्या, ते उपचारानंतर लवकर पूर्ववत झाले, असे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. बी पेशींचा सुरुवातीचा जोर उपयोगी असतो, असा त्याचा अर्थ मी घेते.

आता माझ्या त्या रिपोर्टकडे येऊ. लाइमची नेहमीची चाचणी जंतू शोधत नाही, ती प्रतिपिंडे शोधते. आयजीएम प्रतिपिंडे मोजण्याइतकी जमायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आयजीजीला चार ते सहा. अमेरिकेत 1995 पासून चालत आलेल्या पद्धतीत आधी एलायझा (प्रतिपिंडे आहेत का, हे पाहणारी चाचणी) आणि ती पॉझिटिव्ह किंवा संदिग्ध आली तर वेस्टर्न ब्लॉट (ती जंतूच्या कोणत्या प्रथिनांविरुद्ध आहेत, हे पट्ट्यांतून दाखवणारी चाचणी) अशा दोन पायऱ्या असतात. 2019 पासून दुसऱ्या पायरीवर ब्लॉटऐवजी दुसरी एलायझा वापरण्यालाही मान्यता आहे. पण पायऱ्या कोणत्याही असोत, चट्टा अंगावर असताना पहिल्या भेटीत घेतलेल्या रक्तात निम्म्याहून कमी रुग्णांचीच चाचणी पॉझिटिव्ह येते. म्हणून गोचिडीच्या प्रदेशातून आलेल्या माणसाच्या अंगावर असा पसरणारा चट्टा असेल, तर चाचणीची वाट न पाहता डोळ्यांनी निदान करून औषध सुरू करावे, असे तिथले वैद्यकीय मार्गदर्शन स्पष्ट सांगते. माझ्या बाबतीत पहिल्या दवाखान्यात रक्त घेण्यात चूक नव्हती. चूक झाली ती तिसऱ्या दिवसाच्या रक्ताचे उत्तर कातडीवर समोर दिसणाऱ्या उत्तरापेक्षा वरचढ मानण्यात. त्या चुकीने माझे पाच दिवस गेले. कुणाचे पाच आठवडे जातात, आणि मग जंतू सांधे, मज्जातंतू किंवा हृदयापर्यंत पोहोचलेला असतो. याबद्दल मला आजही राग आहे, आणि तो लपवावा असे वाटत नाही.

औषध लवकर मिळाले तर आणखी एक गंमतशीर वाटावी अशी, पण समजून घेण्याजोगी गोष्ट घडते : जंतू मरतात, बी पेशींना पुढे पाहायला काही उरत नाही, आणि काही रुग्णांची चाचणी कधीच पॉझिटिव्ह होत नाही. उलट काहींची एकदा पॉझिटिव्ह झाली, की बरे झाल्यावरही वर्षानुवर्षे तशीच राहते. त्यामुळे आजार बरा झाला का, हे या चाचणीवरून ठरवता येत नाही.

औषधाच्या पहिल्या दिवशी रात्री मला हुडहुडी भरली आणि ताप चढला. साधारण 15 टक्के रुग्णांना उपचार सुरू होताच चोवीस तासांत असे होते. मरणाऱ्या जंतूंचे तुकडे एकदम मोकळे होतात आणि प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर तुटून पडते. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवले होते म्हणून आम्ही घाबरलो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला.

बी पेशींनी प्रतिपिंडे बनवली, तरी जंतू स्वस्थ बसत नाही. त्याच्याकडे व्हीएलएसई नावाचे आणखी एक पृष्ठभागावरचे प्रथिन आहे, आणि त्या प्रथिनाच्या जनुकाशेजारी 15 मुके साठे आहेत. संसर्ग चालू असताना जंतू त्या साठ्यांतले तुकडे उचलून मूळ जनुकात बसवत राहतो, त्यामुळे प्रथिनाचा बाहेरचा चेहरा सतत बदलतो आणि कालची प्रतिपिंडे आज निकामी ठरतात. मात्र या बदलत्या प्रथिनात एक भाग असा आहे की, तो बदलत नाही आणि त्याच्याविरुद्ध माणसाचे शरीर जोरदार प्रतिपिंडे तयार करते. तपासणीसाठी वापरला जाणारा सी-6 हा तुकडा याच भागातून घेतलेला आहे. जंतू ज्या प्रथिनाच्या आड लपतो, त्याच प्रथिनाने तो आपल्या चाचणीत पकडला जातो.

एकदा लाइम झाला की पुन्हा होत नाही, असे मला माझ्या शेजारणीने समजावले होते, आणि तिचा तसा मनापासून विश्वास होता. तो खरा नाही. सुरुवातीच्या टप्प्यात उपचार झालेल्यांना पुन्हा लागण होऊ शकते, कारण ओस्प-सीचे अनेक प्रकार आहेत आणि एका प्रकाराविरुद्ध मिळालेले संरक्षण दुसऱ्याला लागू पडत नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पुन्हा चट्टा उठलेल्या 17 रुग्णांच्या दोन्ही वेळच्या जंतूंची तुलना केली, तेव्हा लागोपाठच्या कुठल्याही दोन खेपांत ओस्प-सीचा प्रकार एकच निघाला नाही. म्हणजे तो जुना आजार उलटलेला नव्हता, प्रत्येक वेळी नवी गोचीड आणि नवा जंतू होता.

उपचारानंतरही काही जणांना महिनोन्‌महिने थकवा, अंगदुखी आणि विस्मरण यांचा त्रास राहतो. अशा लोकांपैकी काहींच्या रक्तात इंटरल्यूकिन-23 किंवा सीसीएल-19 यांसारख्या संदेशवाहकांचे प्रमाण जास्त सापडले आहे. त्यांच्या तक्रारी मनाच्या खेळात मोडणाऱ्या नाहीत, एवढे मला आवर्जून लिहावेसे वाटते.

माझे दुसरे रक्त मी हट्टाने चोविसाव्या दिवशी दिले. उपचारासाठी त्याची गरज नाही, हे डॉक्टरांनी सांगितले होते आणि ते बरोबरच होते. मला फक्त पाहायचे होते. तोपर्यंत गोळ्यांचा क्रम संपला होता, चट्टा पुसट होऊन गेला होता आणि अवधाण बसले होते. या वेळी आयजीएमच्या ब्लॉटवर दोन पट्टे होते : 41 आणि 23 (हे आकडे प्रथिनांच्या आकारमानाचे). 41 म्हणजे जंतू ज्या शेपटीने हालचाल करतो तिचे प्रथिन. इतर जिवाणूंच्या शेपट्याही तशाच असल्याने तो एकटा पट्टा निरोगी माणसातही दिसू शकतो. 23 म्हणजे ओस्प-सी, गोचिडीच्या आतड्यातून निघताना जंतूने अंगावर चढवलेला तोच थर. आयजीएमसाठी ठरलेल्या तीन पट्ट्यांपैकी दोन आल्यास पॉझिटिव्ह, असा नियम आहे. आयजीजीच्या कागदावर मात्र अजून एकच फिकट रेघ होती. मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले, तिसऱ्या दिवसाचा आणि चोविसाव्या दिवसाचा, आणि गुडघ्यामागे हात नेऊन पाहिला. तिथली कातडी आता बाकीच्या पायाइतकीच गार होती.